बटणापाशी जाण्याआधी



आपल्याकडे बंद पडलेल्या यंत्रावरचा पहिला उपाय ठरलेला असे. रेडिओ खरखरला की डोक्यावर एक चापट, टीव्हीचं चित्र फिरायला लागलं की कुशीत एक थप्पड, आणि स्कूटर असली तर आधी तिरकी करून मग किक. इकडे आल्यावर यंत्रं बदलली आणि उपायही बदलला. आता बटण दाबून धरायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं आणि पुन्हा दाबायचं. केबलच्या डब्यापासून वायफायच्या खोक्यापर्यंत सगळ्यांना हेच औषध. बहुतेक वेळा गुण येतो, म्हणून हाताला सवय लागते. मग कॉम्प्युटरचा पडदा गोठला, बाण हलेना, अक्षर उमटेना, की घरातली चिल्लीपिल्लीसुद्धा बेधडक पॉवरच्या बटणाकडे हात नेतात.

आज त्या हाताबद्दल लिहायचं आहे, आणि तेही युनिक्सच्या यंत्रांच्या संदर्भात. 'आमच्याकडे कुठलं आलंय युनिक्स?' असं म्हणून पान उलटू नका. ॲपलचा मॅक आतून युनिक्सच आहे. २००७ साली त्याला तसं रीतसर प्रमाणपत्रही मिळालं. लिनक्स हा युनिक्सचा सख्खा नव्हे तरी चुलतभाऊ, आणि कॉम्प्युटर सायन्स शिकणारं एखादं अपत्य घरात असेल तर तो तुमच्या बेसमेंटमध्ये कधीच येऊन राहिलेला असणार.

शिवाय आपल्यातली बरीच मंडळी २००० सालाच्या आगेमागे एम.एस. करायला इकडे आली ती सन कंपनीच्या वर्कस्टेशनसमोरच वाढली. (सन म्हणजे सूर्य नव्हे; 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क'ची ती आद्याक्षरं. १९८२ साली कंपनी काढणाऱ्या चौघांत आय.आय.टी. दिल्लीचे विनोद खोसला होते. २०१० साली ओरॅकलने ती विकत घेतली आणि सूर्य मावळला.) त्या लॅबमध्ये आम्हांला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं गेलं ते म्हणजे यंत्राचा खटका बंद करायचा नाही. नवख्याला ते विचित्र वाटे. समोरचं यंत्र आपण वापरतोय, अडकलंय तेही आपलंच, मग बंद करायला कोणाची परवानगी? पण युनिक्सचं यंत्र कधी एकट्याचं नसतंच. तुम्ही समोर बसून ईमेल वाचत असता, तेव्हा दुसऱ्या इमारतीतून लॉगिन केलेल्या एखाद्या पीएच.डी.वाल्याचं गणित त्याच यंत्रावर तीन दिवस चाललेलं असू शकतं. तुमचा एक खटका आणि त्याचा प्रबंध तीन दिवस मागे! चाळीतल्या सामाईक नळासारखा प्रकार. आपली बादली भरली म्हणून मुख्य तोटी बंद करायची नसते.

आता घरचं यंत्र आपलं एकट्याचं असलं तरी बटण दाबण्यात वाईट काय, ते सांगतो. किराणा दुकानाची कच्ची वही आठवा. संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड असते तेव्हा शेठजी प्रत्येक उधारी पक्क्या खातेवहीत लिहीत बसत नाहीत. समोरच्या कच्च्या वहीत खरडतात, आणि जरा उसंत मिळाली की सगळं खतावतात. युनिक्स अगदी हेच करतं. तुम्ही 'सेव्ह' म्हटलं की ते 'झालं' म्हणून मोकळं होतं, पण मजकूर असतो मेमरीत, म्हणजे कच्च्या वहीत. डिस्कच्या पक्क्या वहीत तो थोड्या वेळाने उतरतो. जुन्या युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी कच्ची वही रिकामी करणारा एक स्वतंत्र कारकूनच नेमलेला असे. लिनक्समध्येही नेहमीची मुदत साधारण तेवढीच आहे. बटण दाबून धरणं म्हणजे भर गर्दीत कच्ची वही फाडून चुलीत टाकणं. त्यातून शेठजी पक्क्या वहीत एक ओळ अर्धवट लिहीत असतील तर तीही तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी हिशेब लागत नाही.

हे संकट ओळखूनच २००१ पासून लिनक्सच्या गाभ्यात 'जर्नल' ठेवणारी फाइलव्यवस्था आली. 'आता मी अमुक बदल करणार आहे' असं आधी टिपून ठेवायचं आणि मग बदल करायचा. त्यामुळे बटण दाबलं तरी यंत्र पुन्हा उठतं, पूर्वीसारखं अर्धा अर्धा तास डिस्क तपासत बसत नाही. पण लोकांचा इथे एक गैरसमज होतो. जर्नल वाचवतं ते खातेवहीचं पुस्तक. तुमची शेवटची उधारी वाचेलच असं नाही. फाइल जागेवर दिसते, उघडावी तर आत काही नाही, हा अनुभव २००९ साली नवीन एक्सट-४ वापरणाऱ्या अनेकांना आला होता, आणि त्यानंतर त्या व्यवस्थेत सुधारणा करावी लागली.

तर मुद्दा असा, की पडदा गोठणं आणि यंत्र गोठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिक्समध्ये पडद्यावर चित्र काढणारा हा एक निराळा कार्यक्रम असतो. पूर्वी तो 'एक्स' होता, आता बऱ्याच ठिकाणी 'वेलँड' आहे. तो रुसला म्हणजे मागचं घर ओस पडलं असं नाही. नाटकाचा पडदा अडकला म्हणून नट मेले असं कोणी समजत नाही ना? विंगेच्या दाराने आत जाऊन बघायचं. ती दारं कुठली, एवढंच माहीत पाहिजे.

सगळ्यात आधी एक क्षुल्लक गोष्ट बघावी, कारण निम्म्या वेळा तीच निघते. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये काम चालू आहे आणि अचानक अक्षरं उमटेनाशी झाली. बाकी सगळं चालतंय, तेवढी खिडकी मुकी. इथे बहुधा तुमच्या बोटांनी सवयीने कंट्रोल-एस दाबलेलं असतं. वर्डमध्ये त्याचा अर्थ 'सेव्ह'. टर्मिनलमध्ये टेलिप्रिंटरच्या जमान्यापासून त्याचा अर्थ 'थांब'. कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे तुंबलेलं सगळं भडाभडा बाहेर येईल. एवढ्यासाठी यंत्र बंद-चालू केलेले पदवीधर आम्ही पाहिले आहेत.

पूर्ण पडदाच थिजला असेल तर कॅप्स-लॉक दाबून बघावं. दिवा लागला-विझला तर यंत्र नक्की जिवंत आहे. नाही लागला तर मेलंच असं मात्र नाही. नाडी मनगटाला लागली नाही तर डॉक्टर मानेला बघतात, तसं पुढे जायचं. लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकत्र दाबा. नशीब असेल तर चित्रं जाऊन काळ्या पडद्यावर लॉगिनची साधी विनंती येईल. हे विंगेचं पहिलं दार. दुसरं दार घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून. आधी 'पिंग' करायचं, म्हणजे दारावर टकटक. त्याला उत्तर देतो तो यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल. उत्तर आलं तर घरात माणूस आहे. मग 'एसएसएच'ने आत शिरायचं. (या सगळ्या आज्ञा प्रत्यक्षात इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायच्या.)

हे किती उपयोगी पडतं ते एका घरात आम्ही फोनवरून पाहिलं. आमच्या एका मित्राची आई सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. वय ब्याऐंशी. सांगलीकडच्या खेड्यात आयुष्य गेलेलं, आणि जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. ठरवून म्हणायला बसवलं की म्हणत नसत. त्या दिवशी नातीचे केस विंचरता विंचरता सुरू झाल्या, आणि मित्राने शहाणपणा करून लिनक्सच्या यंत्राला मायक्रोफोन लावून 'ऑडॅसिटी'वर रेकॉर्डिंग सुरू केलं. चाळीस मिनिटं! थांबवलं, सेव्ह करायला गेला आणि पडदा थिजला. परतीचं विमान चार दिवसांवर.

फोन आला तो वहिनींचा. "भावजी, हे बटण दाबायला निघालेत. तुम्ही जरा सांगा, माझं ऐकत नाहीत."

"त्याला म्हणावं चहा करायला जा," आम्ही म्हटलं, "आणि पोरीला फोनवर बोलवा."

मुलीने कॉलेजच्या गृहपाठासाठी त्या यंत्रावर एसएसएच आधीच चालू करून ठेवलेलं होतं, हे त्या कुटुंबाचं भाग्य. "काका, पिंग होतंय. पण लॉगिन होत नाहीये, पासवर्ड टाकला तर नुसतंच बसलंय."

"बसू दे. पुन्हा एन्टर मारू नकोस. त्याला श्वास घेऊ दे."

जवळजवळ एक मिनिटाने आतून दार उघडलं. 'टॉप' नावाची आज्ञा दिली की कुठला कार्यक्रम किती मेमरी खातोय त्याची यादी येते. ती वाचून दाखवताना पोरगी हसायलाच लागली. धाकट्या बंधुराजांनी ब्राउझरमध्ये असंख्य पानं उघडी टाकून ठेवली होती आणि त्याने सगळी मेमरी गिळली होती. यंत्र बिचारं मेमरीतला माल डिस्कवर टाक, डिस्कवरचा परत आण, या हमालीत इतकं गुंतलं होतं की बाण हलवायला त्याला सवड नव्हती. ऑडॅसिटी मुकाट्याने जिवंत होतं. ब्राउझरला 'किल' पाठवला, साधा. पाऊण मिनिटाने पडदा हलला, आणि मित्राने चहाचा कप हातात धरूनच सेव्ह दाबलं.

आता खरं सांगायचं तर ऑडॅसिटी रेकॉर्डिंग तात्पुरत्या फाइलींत डिस्कवर लिहीत असतं, आणि बटण दाबलं असतं तरी बरंचसं कदाचित परत मिळालं असतं. पण त्या ओव्या त्याच ओघात पुन्हा यायच्या नव्हत्या. अशा वेळी 'कदाचित'च्या भरवशावर बटण कोण दाबेल?

वर 'साधा किल' म्हटलं, त्यात एक मेख आहे. नाव भयंकर असलं तरी नुसता 'किल' हा कार्यक्रमाला पाठवलेला निरोप असतो: 'आवरा आता.' त्याचा क्रमांक १५. मंगल कार्यालयाचा मॅनेजर चार वाजता येऊन 'दुसरी पार्टी यायचीय' म्हणतो, तसं. मग वऱ्हाडी भांडी मोजतात, रुखवत बांधतात, कोणाची चप्पल राहिली ते बघतात आणि निघतात. व्हिमसारखा संपादक हा निरोप मिळाला की न साठवलेला मजकूर बाजूला ठेवूनच जातो, आणि नंतर तो परत मिळवता येतो. याउलट 'किल' क्रमांक ९ म्हणजे दिवे घालवून माणसं उचलून रस्त्यावर ठेवणं. कार्यक्रमाला ते कळतही नाही. आवरायला क्षण मिळत नाही. इंटरनेटवर सल्ला शोधला की सगळे जण सरळ ९ सांगतात. आमच्या मते हा नुसता उतावीळपणा आहे. आधी १५, मग दहा-पंधरा सेकंद दम, आणि मगच ९.

कधी कधी दोषी कार्यक्रम मेमरी खात नसतो, तर त्याने उघडलेला एखादा मेनू बाणाला घट्ट धरून बसतो, आणि सगळा पडदाच मेल्यासारखा दिसतो. त्या एकाला बाहेरून निरोप पाठवला की बाकी सगळं पूर्ववत.

आणि कधी ९ चाही उपयोग होत नाही. यादीत त्या कार्यक्रमापुढे 'डी' हे अक्षर दिसलं तर समजावं की तो डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत कर्नलच्या आत अडकलाय, आणि उत्तर येईपर्यंत तो ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाही. विद्यापीठांच्या लॅबमध्ये हे नेहमीचं. तिथे तुमच्या फाइली समोरच्या यंत्रात नसतच. दूरच्या सर्व्हरवर असत, आणि 'एनएफएस' नावाच्या सोयीने इकडे दिसत. सर्व्हर बसला की सगळ्या लॅबभर पडदे एकदम थिजत आणि कुठेतरी एक ओळ उमटे: 'एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग.' कसलेले लोक ती ओळ वाचून कॉफी प्यायला जात. सर्व्हर उठला की 'ओके' असा निरोप येई आणि ज्या अक्षरावर थांबलं होतं त्याच अक्षरापासून काम पुढे सुरू. मध्येच यंत्राचा खटका बंद करणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नसे, कारण उठताना त्याचं यंत्र पुन्हा त्याच सर्व्हरच्या दारात जाऊन उभं राही. घरी फोटोंसाठी नेटवर्कवरची डिस्क बसवली असेल तर हाच खेळ घरातही होतो. तेव्हा त्या डिस्कची वायर आधी तपासा.

समजा पिंग नाही, दुसरं दार नाही, काही नाही. तरी लिनक्समध्ये एक तळघराचा रस्ता आहे. प्रिंट-स्क्रीनच्या कळेवर पूर्वी 'सिसआरक्यू' असंही छापलेलं असे. ऑल्ट आणि ती कळ दाबून धरून (काही लॅपटॉपवर एफएनही लागते) एकेक अक्षर दाबलं की ते थेट कर्नलच्या कानात जातं. अक्षरं सहा: आर, ई, आय, एस, यू, बी. आर म्हणजे कीबोर्ड पडद्याच्या ताब्यातून काढून घे. ई म्हणजे सगळ्यांना १५, आय म्हणजे सगळ्यांना ९. एस म्हणजे कच्ची वही पक्कीत उतरव. यू म्हणजे वह्या बंद कर, आता फक्त वाचायच्या. आणि बी म्हणजे यंत्र पुन्हा सुरू कर. क्रम महत्त्वाचा, कारण बी कोणाची वाट बघत नाही. ते आधी दाबलं तर बटण दाबल्यासारखंच. इंग्रजीत हे लक्षात ठेवायला हत्तींचं काहीतरी वाक्य आहे. आम्ही मराठीत केलंय: 'रविवारी एकटा इंजिनिअर सावकाश उकडतो बटाटे.' यातलं 'सावकाश' विसरायचं नाही. प्रत्येक अक्षरानंतर काही सेकंद थांबायचं, एसनंतर तर जरा जास्तच.

पण एक अडचण आहे. ही सोय सगळीकडे पूर्ण उघडी नसते. उबंटूवर मूळ किंमत १७६ असते, आणि १७६ म्हणजे १२८, ३२ आणि १६ ची बेरीज: यंत्र पुन्हा सुरू करणं, वह्या बंद करणं आणि खतावणं. म्हणजे एस, यू, बी चालतात. आर, ई, आय चालत नाहीत. इंजिनिअर रविवारी घरी नसतो, नुसतेच सावकाश बटाटे उकडतात म्हणा ना! डेटा वाचवायला तेवढंही पुरतं. सगळी अक्षरं हवी असतील तर 'कर्नल डॉट सिसआरक्यू' ही किंमत १ करून ठेवावी. कॉलेजच्या खोलीतल्या यंत्रावर मात्र करू नये, कारण मग खोलीत येणारा कुठलाही मित्र तीन बोटांनी तुमचे सगळे कार्यक्रम मारू शकतो.

सनच्या यंत्रावर यासाठी डावीकडे 'स्टॉप' नावाची खरीखुरी कळ होती. स्टॉप आणि ए एकदम दाबलं की सगळं थबकून पांढऱ्या पडद्यावर नुसतं 'ओके' येई. तिथे 'गो' लिहिलं तर काही न झाल्यासारखं काम पुढे चाले. 'सिंक' लिहिलं तर यंत्र कच्ची वही उतरवून, झाल्या प्रकाराचा पंचनामा डिस्कवर ठेवून, मग पुन्हा उठे. गंमत म्हणजे नुसती कीबोर्डची वायर उपटली तरी यंत्र तसंच 'ओके'वर जाऊन उभं राही. टेबल पुसणाऱ्या माणसाचा धक्का लागून चालू सर्व्हर थांबल्याच्या कथा त्यातूनच जन्मल्या.

मॅकवाल्यांना सिसआरक्यू नाही. त्यांनी ऑप्शन-कमांड-एस्केपने अडेल कार्यक्रम बंद करून बघावा, आणि 'शेअरिंग'मध्ये 'रिमोट लॉगिन' आधीच चालू ठेवावं. म्हणजे दुसरं दार त्यांनाही मिळतं.

ही 'आधीच' गोष्ट सगळ्यांनाच लागू. पडदा थिजल्यावर एसएसएच चालू करता येत नाही. या शनिवारी अर्धा तास काढून ते चालू करा, यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता एका कागदावर लिहा आणि तो फ्रिजवर चिकटवा, दूधवाल्या चुंबकाखाली. अँड्रॉइड फोनवर 'टर्मक्स' घेतलंत तर दुसरं यंत्रसुद्धा लागत नाही. आणि लांबची कामं टर्मिनलमध्ये 'टीमक्स'च्या आत चालवा. खिडकी मेली तरी आतलं काम चालू राहतं.

एवढं करूनही काही वेळा खरंच प्राण गेलेला असतो. कॅप्स-लॉकचा दिवा आपोआप लुकलुकतोय, कुठलंच दार उघडत नाही. तेव्हाही बटण आधी एकदाच टिचकी मारल्यासारखं दाबून सोडा आणि दोन मिनिटं बघा. अशी टिचकी म्हणजे यंत्राला केलेली विनंती असते, आणि आत धुगधुगी असेल तर ते नीट आवरून बंद होतं. चार सेकंद दाबून धरणं ही विनंती नव्हे. ते शेवटी. आणि मग यंत्र उठताना डिस्क तपासत बसलं तर पुन्हा बटण दाबू नका, तपासू द्या. तपासणीत बेवारस सापडलेले तुकडे 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात जातात. तिथे फाइलींना नावं नसतात, नुसते आकडे असतात. पण एकेक उघडून बघितलं तर हरवलेली एखादी वस्तू त्यात भेटते.

रोजच्या रोज पक्क्या वहीची दुसरी प्रत कशी काढून ठेवायची, ते पुढच्या अंकात.